रेडिओच्या स्टुडिओत एवढं सामान कशाला लागतं?

लाईव्ह फोन घेणारा रेडिओ कार्यक्रम ऐकत असाल तर हे वाक्य पाठ झालं असेल: "नमस्कार, बोला, पण आधी तुमच्या रेडिओचा आवाज जरा कमी करा." कॉलर "हो हो, एक मिनिट हं" म्हणतो, मागे कुणीतरी "अगं तो रेडिओ बंद कर" म्हणून ओरडतं आणि मग गप्पा सुरू होतात. आकाशवाणीवर हेच आणि प्रायव्हेट एफएमवरही हेच. असं का सांगतात ते फोनच्या भागात येईलच, पण स्टुडिओतलं निम्म्याहून जास्त सामान कशासाठी असतं त्याचं उत्तर या एका वाक्यात आहे. लोकांना वाटतं स्टुडिओ म्हणजे आवाज भारी करायची जागा. तेही होतं तिथे, पण मला विचाराल तर स्टुडिओचा खरा धंदा हा की कोणाला काय ऐकू जायला नको ते सांभाळायचं. रस्त्यावरचा हॉर्न श्रोत्याला जायला नको, निवेदक पुढचं गाणं तपासून बघतोय ते श्रोत्याला जायला नको, कॉलरला स्वतःचाच आवाज परत यायला नको, स्पीकरचा आवाज माईकमधे शिरायला नको, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे श्रोत्याला शांतता ऐकू यायला नको. हे डोक्यात ठेवून बघितलं की एकेक डबा कशाला आहे ते आपोआप कळतं.

पुण्यात एफएमवर ९१.१ पासून काटा फिरवायला लागलात तर १०१ च्या विविध भारतीपर्यंत चार-पाच स्टेशनं लागतात, मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला आकाशवाणी पुणे आहे जे १९५३ पासून चालू आहे, आणि विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर. आता आकाशवाणीचा स्टुडिओ मोठा, प्रायव्हेटवाल्यांचा चकाचक, एखाद्या कॉलेजचा कदाचित वर्गात पार्टिशन टाकून केलेला, पण आतला क्रम सगळीकडे तोच: खोली, माईक, कन्सोल, कॉम्प्युटर, प्रोसेसर, लिंक, ट्रान्समीटर.

खोलीपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी इथेच जातात. ऑनलाईन तो काळा उंचसखल स्पंज मिळतो ना, तो चारी भिंतींना चिकटवला की झाला साउंडप्रूफ स्टुडिओ असं लोकांना वाटतं, त्याच्या आधी हेच अंड्याच्या ट्रेबद्दल वाटायचं. दोन्हीने बाहेरचा आवाज थांबत नाही. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम आणि आत बोललेलं भिंतींवर आपटून परत येऊ न देणं हे दुसरं काम, आणि स्पंज फक्त दुसरं काम करतो, तेही अर्धवट.

आपल्याकडे याची परीक्षा दर वर्षी होते. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की नदीकाठचे, शाळा-मैदानांजवळचे सगळे होम स्टुडिओवाले संध्याकाळी हात जोडून बसतात. ढोलाचा जो घुमणारा भाग असतो तो १०० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही खाली, आणि १०० हर्ट्झची एक लाट हवेत साधारण ३.४ मीटर लांब असते, तिच्यापुढे दोन इंच स्पंज असून नसून सारखाच. ढोलाला अडवायला वजन लागतं. जाड भिंत, तिला न टेकणारी दुसरी भिंत, मधे पोकळी आणि त्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली दाट लोकर. आणि नुसती भिंत जाड करत गेलात तर वजन दुप्पट केल्यावर फायदा होतो जेमतेम ६ डेसिबलचा, म्हणून एका जाडजूड भिंतीपेक्षा दोन सुट्या भिंती स्वस्त पडतात. दारंही एकामागे एक दोन असतात, मधे छोटीशी जागा, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. काच डबल, दोन्हींची जाडी वेगळी म्हणजे दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीला थरथरत नाहीत, आणि बहुतेक वेळा एक काच थोडी तिरकी. एवढं सगळं करून दाराखाली बोटभर फट राहिली की ढोल त्या फटीतून येतोच.

आतलं काम त्यामानाने सोपं आहे. बोलायच्या स्टुडिओत आवाज घुमत राहण्याचा वेळ साधारण ०.३ सेकंदाच्या आसपास ठेवतात, त्यासाठी चार इंच जाडीचे रॉकवूलचे कापड लावलेले पॅनेल, खाली कार्पेट, आणि खोली अगदी चौकोनी ठोकळा नसलेली बरी. घरी करायचं असेल तर गाद्या, रजया, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, सगळं चालतं, दिसायला वाईट दिसतं पण रेडिओवर दिसतं कुणाला. एसी हा वेगळा त्रास, मोठ्या स्टेशनात रुंद डक्टमधून हवा हळू सोडतात म्हणून सूं-सूं येत नाही, छोट्या ठिकाणी रेकॉर्डिंगपुरता एसी बंद आणि पंखाही बंद, मे महिन्यात निवेदकाचे हाल विचारू नका.

माईक. यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, मी कमी घालवणार आहे. दोन जाती लक्षात ठेवा. कंडेन्सर माईक नाजूक आणि फार संवेदनशील, त्याला त्याच केबलमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात ज्याला फँटम पॉवर म्हणतात, न्यूमनचा यू ८७ हे त्यातलं मोठं नाव. डायनॅमिक माईक दणकट, जवळून बोललं तरच नीट ऐकतो आणि लांबचं फारसं मनावर घेत नाही. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई २०, शूरचा एसएम ७ बी, सेनहायझरचा एमडी ४२१ हे त्यातले रेडिओतले नेहमीचे चेहरे. आता वरचा ढोल आठवा आणि सांगा, साध्या खोलीत कोणता घ्यावा? यूट्यूबवर रिव्ह्यू बघून महागडा कंडेन्सर आणणारे पुष्कळ आहेत, मग त्यात शेजारच्यांच्या मिक्सरपासून रिक्षाच्या रिव्हर्स हॉर्नपर्यंत सगळं स्वच्छ येतं. खोली चांगली नसेल तर डायनॅमिकच घ्या. फक्त एक, त्याचा सिग्नल फार बारीक असतो, एसएम ७ बी ला तर ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो, म्हणजे व्होल्टेज हजारपट वाढवायचं, स्वस्तातल्या प्रीअँपला, म्हणजे हा सिग्नल वाढवणाऱ्या भागाला, तेवढं झेपत नाही आणि मागे सळसळ येते.

माईकच्या अगदी जवळ गेलं की आवाज जाड, भारदस्त होतो, रात्रीच्या कार्यक्रमातले निवेदक हे मुद्दाम करतात. याला प्रॉक्झिमिटी इफेक्ट म्हणतात आणि तो जवळपास सगळ्या एकाच दिशेने ऐकणाऱ्या माईकमधे येतो. आरई २० ची रचना हा इफेक्ट कमी करायलाच केलेली आहे, पाहुणा खुर्चीत मागेपुढे हलला तरी त्याचा आवाज सारखा राहतो, म्हणून पाहुण्यांसाठी तो माईक मला जास्त आवडतो. तोंडापासून चार-सहा बोटं अंतर, मधे पॉप फिल्टर म्हणजे प, फ, भ वर फटफट होत नाही, आणि माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित तिरका.

माईकमधून निघालेली केबल तीन पिनांच्या एक्सएलआर कनेक्टरची असते. दोन तारांवर तोच सिग्नल एकमेकांच्या उलटा पाठवतात आणि तिसरी तार ग्राउंड. वाटेत ट्यूबलाईटचा, मोबाईलचा जो काही कचरा शिरेल तो दोन्ही तारांवर सारखाच शिरतो, टोकाला दोन्हींची वजाबाकी केली की कचरा गेला आणि आवाज राहिला. फार जुनी युक्ती आहे आणि अजून तिच्याहून चांगली, स्वस्त काही निघालेली नाही.

आता कन्सोल, ते बटणांचं मोठं टेबल. ऑर्केस्ट्रातल्या मिक्सरसारखं दिसतं पण काम बऱ्यापैकी वेगळं. ऑर्केस्ट्राच्या मिक्सरवर प्रत्येक वाद्याचा सूर घासून-पुसून लावायला भरपूर नॉब असतात, रेडिओच्या कन्सोलवर ते कमी, आणि त्याऐवजी प्रत्येक चॅनेलला एक मोठं ऑन-ऑफचं बटण आणि एक क्यूचं बटण. प्रोग्रॅम नावाच्या रस्त्यावर जे जातं ते हवेत जातं. क्यूवर जे जातं ते फक्त निवेदकाच्या छोट्या स्पीकरला किंवा हेडफोनला. म्हणजे हवेत एक गाणं वाजतंय आणि त्याच वेळी निवेदक पुढचा कॉलर लाईनवर आहे का ते विचारतोय, "काका, नाव काय सांगू तुमचं, कोथरूडवरून ना?" आणि श्रोत्याला यातलं काही कळत नाही. हे न जमल्याने जगभरातल्या स्टेशनांवर जे जे हवेत गेलंय त्याबद्दल न बोललेलंच बरं.

अजून एक गोष्ट कन्सोल गुपचूप करतो. माईक ऑन केला की खोलीतले स्पीकर आपोआप बंद होतात आणि दारावरचा लाल दिवा लागतो, दोन्ही एकाच बटणाला जोडलेलं असतं. स्पीकर बंद का, तर स्पीकरचा आवाज माईकमधे, माईकचा परत स्पीकरमधे, आणि मग शाळेच्या गॅदरिंगला होते तशी कूंऽऽऽ. म्हणूनच निवेदकाच्या डोक्यावर हेडफोन असतो, स्टाईल म्हणून नव्हे, आणि तोही बंद कपांचा, नाहीतर हेडफोनमधलं गाणं गळून माईकमधे जातं. आजकाल मोठ्या स्टेशनात तर कन्सोलच्या आत आवाज जातच नाही, टेबलावर नुसती बटणं आणि खरं मिक्सिंग रॅकमधल्या डब्यात, सगळे माईक, कॉम्प्युटर नेटवर्कच्या केबलने जोडलेले. दांते, लाईव्हवायर, रावेना अशी त्याच्या पद्धतींची नावं, आणि या पद्धती एकमेकांशी बोलाव्यात म्हणून २०१३ साली एईएस ६७ नावाचं स्टँडर्ड आलं. फायदा असा की स्टुडिओ एकचा माईक स्टुडिओ दोनमधे द्यायचा तर भिंत फोडायला नको.

फोनचं मात्र नीट समजून घ्या, कारण मला यात सगळ्यात जास्त मजा वाटते आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतात. जुन्या लँडलाईनच्या दोनच तारा, आणि त्या दोन तारांवर जाणारा आणि येणारा दोन्ही आवाज एकत्र. पण हवेत सोडायचाय फक्त येणारा, कॉलरचा. निवेदकाचा आवाज माईकमधून स्वच्छ येतोच आहे, तोच परत फोनमधून डबड्यासारखा होऊन मिसळला की दोन्ही मिळून पोकळ ऐकू येतं. हे वेगळं करणाऱ्या डब्याला हायब्रिड म्हणतात. स्टीव्ह चर्च नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९८५ मधे टेलॉस कंपनी काढली ती याच प्रश्नावर, डिजिटल गणिताने निवेदकाचा आवाज ओळखून वजा करायचा.

पण उलट्या बाजूचं काय? कॉलरला स्टुडिओतलं सगळं ऐकू गेलं पाहिजे: निवेदक, पाहुणा, दुसरा कॉलर, जिंगल. फक्त त्याचा स्वतःचा आवाज सोडून. याला मिक्स-मायनस म्हणतात. भिशीला प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा आणि वाढताना सगळ्यांच्या ताटात सगळं, फक्त जिने जे आणलं ते तिच्या ताटात नाही, हा तोच हिशोब. दोन कॉलर असतील तर दोन वेगळी मिक्स, दोघांना एकमेकांचं जातं, स्वतःचं नाही. हे का एवढं महत्त्वाचं, तर मोबाईलवर आवाज जाऊन यायला थोडा वेळ लागतो आणि माणसाला स्वतःचं बोलणं थोडं उशिरा कानात ऐकू आलं की जीभ अडखळते, चांगला बोलणारा माणूस त-त-प-प करायला लागतो. प्रयोग करून बघा, खरंच बोलता येत नाही.

आता ते "रेडिओ कमी करा". घरातल्या रेडिओवरून कॉलरचा आवाज त्याच्या फोनमधे शिरतो, फोनमधून स्टुडिओत, स्टुडिओतून हवेत, हवेतून परत त्याच्या रेडिओत. स्टुडिओत कितीही भारी मिक्स-मायनस असू दे, कॉलरच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओपुढे त्याचा इलाज नाही, म्हणून ते काम तोंडी सांगून करून घ्यावं लागतं. त्यात काही स्टेशनं लाईव्ह फोनला मुद्दाम सात-आठ सेकंद उशिरा हवेत सोडतात, कुणी शिवी दिली की निवेदकाने डंपचं बटण दाबायचं आणि तेवढे सेकंद गायब. मग रेडिओ चालू असलेल्या कॉलरला स्वतःचं आठ सेकंदांपूर्वीचं वाक्य ऐकू येतं आणि तो "हॅलो? हॅलो? कोण बोलतंय?" करत बसतो.

कॉलेजच्या रेडिओला किंवा पॉडकास्टला हायब्रिड परवडत नसेल तर साध्या छोट्या मिक्सरवरही हे जमतं. फोनला आवाज ऑक्स आउटपुटमधून, म्हणजे मिक्सरच्या जादाच्या वेगळ्या रस्त्याने द्या, मुख्य आउटपुटमधून नाही. सगळ्या चॅनेलचा ऑक्स नॉब उघडा ठेवा, फक्त ज्या चॅनेलवर फोन येतोय त्याचा ऑक्स शून्यावर. झालं मिक्स-मायनस, एक रुपयाही न घालता.

सॉफ्टवेअरकडे यायच्या आधी, पूर्वी काय होतं ते थोडं. पाव इंची टेपचे स्पूल असायचे, सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने फिरणारे, म्हणजे अर्ध्या तासाच्या भाषणाला साडेतीनशे मीटरच्या आसपास टेप. वक्ता मधेच एक सेकंद खोकला तर १९ सेंटिमीटर तुकडा ब्लेडने तिरका कापायचा आणि चिकटपट्टीने जोडायचा. असे तुकडे जोडून लोकांनी तासातासाच्या संगीतिका, श्रुतिका काढल्यात. आज तेच काम ऑडेसिटीत माऊसने होतं, ते फुकट आहे, किंवा ॲडोबी ऑडिशनमधे, जे आधी कूल एडिट नावाचं होतं आणि २००३ मधे ॲडोबीने घेतलं. काहींना रीपर आवडतं. एडिटिंगबद्दल एवढंच सांगतो की श्वास सगळे कापू नका, माणूस मशीन वाटायला लागतो, आणि नॉईज रिडक्शनचा नॉब जेवढा पुरे वाटतो त्याच्या निम्म्यावर थांबवा.

पण स्टेशन ज्यावर चालतं ते सॉफ्टवेअर वेगळं, त्याला प्लेआउट किंवा ऑटोमेशन म्हणतात. चोवीस तास काय कधी वाजणार याची यादी त्याच्याकडे असते आणि ते एकामागे एक वाजवत राहतं, माणूस असो नसो. प्रत्येक गाण्याच्या फाईलवर खुणा केलेल्या असतात: इथे गाणं खरं सुरू होतं, इथे गायकाचा आवाज येतो, इथे पुढचं सुरू करा. ती मधली खूण फार कामाची. स्क्रीनवर उलटे आकडे दिसतात, १४, १३, १२, आणि निवेदक सुरुवातीच्या म्युझिकवर बोलत राहून बरोबर शून्याला गप्प होतो आणि गायक सुरू. ऐकणाऱ्याला वाटतं काय टायमिंग आहे. टायमिंग आहेच, पण समोर घड्याळही आहे.

गाणी कोणती लागणार हे बहुतेक ठिकाणी निवेदक ठरवत नाही, हे ऐकून अनेकांचा मूड जातो. ते म्युझिक शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर ठरवतं, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे सिलेक्टर, अँड्र्यू इकॉनॉमस यांच्या आरसीएस कंपनीचं, १९७९ सालापासूनचं घराणं. म्युझिक मॅनेजर त्यात गाण्यांचे गट पाडतो: एकदम नवी, गाजत असलेली, जुनी हमखास आवडणारी वगैरे. मग प्रत्येक तासाचा एक नकाशा, ज्याला क्लॉक म्हणतात, पहिलं या गटातलं, दुसरं त्या गटातलं, मग जाहिराती, मग निवेदकाचं बोलणं. आणि वर नियम: एकाच गायकाची दोन गाणी पाऊण तासाच्या आत नकोत, हे गाणं सकाळी नको, ते आज आठला वाजलं तर उद्या आठला नको. सॉफ्टवेअर हे सगळे नियम सांभाळून उद्याची यादी काढतं आणि माणूस ती वाचून हात फिरवतो. हात फिरवायचा आळस केला की लगेच कळतं, धो धो पावसात उन्हाळ्याचं गाणं लागतं.

जाहिरातींचं तिसरंच सॉफ्टवेअर, त्याला ट्रॅफिक म्हणतात, आणि पुण्यातल्या चांदणी चौकातल्या गाड्यांच्या गर्दीशी त्याचा संबंध नाही. सेल्सवाल्याने आणलेली रिलीज ऑर्डर, किती सेकंदांचा स्पॉट, कोणत्या वेळात, किती वेळा, आणि दोन सराफांच्या जाहिराती पाठोपाठ लागू नयेत एवढी काळजी. महिन्याच्या शेवटी खरंच वाजलं का याचा पुरावा प्लेआउटच्या लॉगमधून निघतो आणि त्यावर बिल. शिवाय जे हवेत गेलं ते सगळं एका बाजूला सतत रेकॉर्ड होत असतं, त्याला लॉगर म्हणतात, कम्युनिटी रेडिओला तर प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं नियमानेच भाग आहे.

पैसे नसतील तर काय? लिनक्सवर रिव्हेंडेल आहे, फुकट आणि पक्कं, पण बसवायला डोकं असलेला माणूस लागतो. विंडोजवर रेडिओडीजे, तेही फुकट. ब्राउझरमधून चालवायचं तर लिब्रेटाईम. नुसता इंटरनेट रेडिओ काढायचा असेल तर आइसकास्ट सर्व्हर आणि त्याला आवाज पाठवायला बट नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर, नावावर हसू नका, उत्तम चालतं. इंटरनेटचा आवाज काही सेकंद मागे असतो, कधी वीस-तीस सेकंदही, म्हणून रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकणाऱ्या दोघांपैकी एकाचा रेडिओ आणि दुसऱ्याचं ॲप असेल तर भांडण ठरलेलं.

स्टुडिओतून निघालेला आवाज थेट ट्रान्समीटरला जात नाही, मधे प्रोसेसर असतो. निवेदक हळू, गाणं मोठं, जाहिरात त्याहून मोठी, हे सगळं समपातळीत आणायचं काम त्याचं. आवाजाचे जाड-बारीक असे पाच-सहा पट्टे वेगळे करून प्रत्येकाला वेगळं दाबतो-उचलतो आणि शेवटी एका मर्यादेवर ठाम अडवतो. बॉब ऑर्बन यांचा ऑप्टिमॉड १९७५ मधे आला आणि तेव्हापासून स्टेशनांमधे मोठा कोण वाजतो याची शर्यत लागली ती अजून संपली नाही. रिक्षात डायल फिरवताना जे स्टेशन एकदम अंगावर येतं त्याने प्रोसेसर जास्त पिळलाय एवढाच त्याचा अर्थ. पहिली पाच मिनिटं भारी वाटतं, तासाभराने कान थकतात आणि माणूस का ते न कळता स्टेशन बदलतो, म्हणून मला हा हट्ट कधी पटला नाही.

प्रोसेसर आणखी एक गोष्ट छाटतो. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही. कारण १९ किलोहर्ट्झवर एक बारीक सूर कायम चालू असतो, पायलट टोन, तो रेडिओला सांगतो की हे स्टीरिओ आहे. डाव्या-उजव्यातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या आजूबाजूला बसवलेला असतो आणि गाडीच्या स्क्रीनवर स्टेशनचं नाव येतं ते ५७ वर बसलेल्या आरडीएसमुळे, १९ ची दुप्पट आणि तिप्पट. खालचा आवाज वर सरकून पायलटला धडकला तर स्टीरिओ बिघडतो. त्यामुळे एफएम स्टेशनच्या लायब्ररीत ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगची हाय-रिझोल्यूशन गाणी जमवणाऱ्यांना नमस्कार, हार्ड डिस्क भरते, बाकी काही नाही.

एक गंमत इथे येते. पूर्वी निवेदक हेडफोनमधे खरा हवेतला आवाज ऐकायचे, रेडिओवरूनच परत घेतलेला, म्हणजे ट्रान्समीटर बंद पडला तर सगळ्यात आधी त्यांनाच कळायचं. डिजिटल प्रोसेसर आल्यावर त्याला काही मिलिसेकंद उशीर व्हायला लागला आणि स्वतःचा आवाज कानात विचित्र यायला लागला, मग हेडफोन सरळ कन्सोलवरून दिले. आता हवेत काय जातंय ते निवेदकाला माहीत नसतं, त्याला जे ऐकू येतं ते फक्त त्याच्यापुरतं.

लिंक म्हणजे स्टुडिओ ते ट्रान्समीटर. आकाशवाणी पुण्याच्या ७९२ चंच बघा, स्टुडिओ शिवाजीनगरला आणि ट्रान्समीटर हडपसरला, सोलापूर रोडवरच्या आकाशवाणी स्टॉपचं नाव त्यावरूनच. एवढ्या लांब का? ७९२ किलोहर्ट्झची लाट जवळपास ३७९ मीटर लांब, तिच्या पाव लांबीएवढा उंच मास्ट, म्हणजे स्वतःच अँटेना असलेला मनोरा, म्हटला तरी ९५ मीटरच्या आसपास जातो, आणि खाली जमिनीत तारांचं जाळं पसरायला मोकळं रान लागतं, ते शिवाजीनगरात कुठून आणणार. एफएमची लाट जेमतेम तीन मीटरची, तिला एवढा मोठा मास्ट नको, छोटी अँटेना उंचावर हवी. हा आवाज पोचवायला मायक्रोवेव्हच्या छोट्या डिश किंवा आता फायबरवर आयपी कोडेक, म्हणजे आवाज नेटवर्कवरून पाठवणारा डबा, आणि शहाणे लोक दोन्ही ठेवतात कारण रस्ता खोदणाऱ्या जेसीबीला फायबर कुणाची ते दिसत नाही. कम्युनिटी रेडिओला मात्र ट्रान्समीटर तिथेच गच्चीवर, १०० वॉट प्रभावी ताकदीची मर्यादा आणि अँटेना ३० मीटरपेक्षा उंच नाही, त्यात आजूबाजूचा भाग नीट भागतो.

शेवटचा डबा म्हणजे सायलेन्स डिटेक्टर. पंधरा-वीस सेकंद हवेत काहीच गेलं नाही की तो आपोआप दुसऱ्या मशीनवर ठेवलेली गाणी चालू करतो आणि इंजिनिअरला मेसेज टाकतो, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत. फक्त श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात दोन मिनिटं स्तब्धता पाळायची असेल तर आधी तो बंद करायचा लक्षात ठेवा, नाहीतर मिनिटभराच्या आत कुठलंतरी उडतं गाणं लागतं. यूपीएसही इथलाच भाऊ, गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते हे माहीत असलेल्या शहरात तो किती तासांचा घ्यायचा ते मी सांगायला नको. कन्सोल, प्लेआउटचा कॉम्प्युटर आणि नेटवर्क स्विच तिघांनाही यूपीएसवर घ्या, लोक स्विच विसरतात आणि मग सगळं चालू असून आवाज कुठेच जात नाही.

कॉलेजात किंवा घरी छोटं काही उभं करायचं असेल तर पैसे या क्रमाने घाला: आधी दार-खिडक्यांच्या फटी, मग रॉकवूलचे पॅनेल, मग एक डायनॅमिक माईक आणि बरा प्रीअँप असलेला छोटा मिक्सर, मग बंद कपांचा हेडफोन. महाग माईक सगळ्यात शेवटी. एक्सएलआर केबल तयार घेण्यापेक्षा पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, मीटरवर मिळते ती घ्या आणि कनेक्टर वेगळे घेऊन सोल्डर करून घ्या, लांबी हवी तेवढी मिळते आणि बिघडली तर दुरुस्त करता येते. कनेक्टर मात्र दुकानात उघडून बघा, केबल घट्ट धरणारा आतला क्लॅम्प नसेल तर परत द्या.